परडीशिवाय

रुवीत, होंडा रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमची लाँड्री.
शुक्रवारी सकाळी बंद असते,
म्हणजे शटर खाली आणि आत इस्त्री चालू.

मोबाइलवर गावाकडचा पेपर उघडा ठेवून
मी खलफानशेठची पांढरी दिशदाशा दाबत होतो,
गळ्याचा तो अत्तराचा गोंडा वाफेपासून जपत.
मथळा होता : मतांचा जोगवा मागत उमेदवार दारोदार.
नजीर तुंगेकर, दापोलीचा,
बटणं टाकता टाकता म्हणाला,
जोगवा म्हणजे भीकच ना रे?

इस्त्री जागच्या जागी थांबली.
कापड करपण्याआधी उचलली, एवढंच.

भीक नव्हे, नजीर.
भीक पोटासाठी.
माझी आई, कौसाबाई,
घरात दोन कणग्या जोंधळा असताना
मंगळवारी नि शुक्रवारी परडी घेऊन निघायची.
गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मळवट.
पाच घरं. सहावं नाही.
पाटलाचं दार तिनं कधी चुकवलं नाही,
ओढ्यापलीकडची पालंही नाहीत.
म्हणायची, मोठेपण उंबऱ्याभाईर काढून ठिवायचं लेका,
मग उदो म्हनायचं.
आणि वाढणारीनं पसा ओतला की
त्यातलेच चार दाणे उचलून
तिच्या सुपात परत टाकायची.
देणारीचं सूप रिकामं ठेवायचं नसतं.

नजीरनं दोरा दातानं तोडला.
आमच्यात असलं काही नाही, म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं :
शेजारून खीर आली तर वाटी मात्र
रिकामी परत करत नाही अम्मा.

दिशदाशा न्यायला खलफानशेठ स्वतः आला.
त्याचा मेहुणा उभा आहे तिकडच्या निवडणुकीत,
चौकाचौकात फोटो, दाढी कोरलेली.
काय चाललंय, त्यानं विचारलं त्याच्या बलुची हिंदीत.
सांगायचा प्रयत्न केला. टोपली, देवी, दाणे.
तो म्हणाला, आमच्याकडे मताला सौत म्हणतात.
सौत म्हणजे आवाज.
आवाज मागत फिरतोय बिचारा, घसा बसलाय त्याचाच.
सौत ऐकून नजीर खुदकन हसला,
हिंदी सिनेमातली सवत आठवून.
मी हसलो नाही.
आमच्यातही मत म्हणजे माझं म्हणणंच की.
म्हणणंच कुणाच्या परडीत घालून टाकलं
तर नंतर बोलायचं कशानं?

दुपारी रत्नमालाचा फोन.
दिगंबर आबा येऊन गेला, चार गाड्या घेऊन.
वहिनी, जोगवा मागायला आलोय म्हणाला,
शुक्रवार होता, मी आपलं पसाभर जोंधळं आणलं.
परडी कुठली त्याच्याकडं!
उपरणं पसरलं. पोरांनी फोटो काढला.
निम्मं अंगणात सांडलं, कोंबड्यांनी टिपलं.

चार दाणे परत टाकले का सुपात?
कसले दाणे?
काही नाही. पुढं?
पुढं काय, गाडीत बसला.
काच खाली करून म्हणाला,
मालक आखातात असले तरी काळजी करू नका,
त्यांच्या मताचं आमी बघून घेतो.

कुकरची शिट्टी झाली तिकडं.
मग दुसरी.
तिला वाटलं लाइन गेली.
नाही गं, आहे, म्हटलं,
ऐकतोय.

चौदा वर्षं झाली इथं.
यादीत नाव आहे माझं अजून, अनुक्रमांकासह,
आणि मला न विचारता
ते कुठल्या बटणावर बोलून येतं
हे आज कळलं.

नजीरनं पुढचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला.
पहिल्याच दिशदाशेचा खिसा चाचपला, सवयीनं.
शंभर बैशांची नोट, धुण्यात आकसलेली.
पालथी घातली, वर फडकं टाकलं,
हलक्या हातानं इस्त्री फिरवली
आणि गरम होती तशीच
ज्याची त्याच्या खिशात परत ठेवली.